एका टोकाचा सामना



गल्लीत क्रिकेट खेळलेल्या माणसाला एका टोकाचा खेळ समजावून सांगावा लागत नाही. एका बाजूला भिंत, भिंतीवर कोळशाने ओढलेल्या तीन रेघा म्हणजे यष्ट्या. गोलंदाजी सदैव एकाच बाजूने. षटक संपले तरी टोक बदलावयाचे नाही, कारण दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी स्वयंपाकघराची खिडकी असते. पलीकडच्या आवारात चेंडू उडाला की फलंदाज बाद, हा नियम क्रिकेटच्या कोणत्याही पुस्तकात नाही. पण तो आपल्या प्रत्येक आळीत आहे. जागा अपुरी पडली की पोरे नियम वाकवितात आणि खेळ चालू राहतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

हीच गोष्ट अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात, ४१,०५८ प्रेक्षकांसमोर आणि दूरचित्रवाणीच्या यंत्रांसमोर घडली. दिवस होता शनिवार, २० नोव्हेंबर २०१०. गाव शिकागो. जागा रिग्ली फील्ड, म्हणजे १९१४ साली बांधलेले बेसबॉलचे जुने क्रीडांगण. सामना मात्र बेसबॉलचा नव्हता. तो नॉर्थवेस्टर्न आणि इलिनॉय या दोन विद्यापीठांमधील फुटबॉलचा होता. क्लार्क आणि अ‍ॅडिसन या रस्त्यांच्या नाक्यावर या क्रीडांगणाची प्रसिद्ध तांबडी पाटी आहे. त्या सामन्यासाठी ती जांभळी रंगविली होती, कारण यजमान नॉर्थवेस्टर्नचा रंग जांभळा. १९३८ साली डीपॉल विद्यापीठ येथे खेळले, त्यानंतर कॉलेजांचा फुटबॉल येथे झालेला नव्हता. तेव्हा बहात्तर वर्षांनी आलेला हा सणच होता म्हणा ना. आणि सणाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, जाहीर झाले की दोन्ही संघ एकाच दिशेने चढाई करतील. पश्चिमेकडे. पूर्वेकडच्या टोकाला कोणी चढाई करून जावयाचे नाही.

तेथे त्यावर जो वाद माजला, त्याविषयी मला आज बोलावयाचे आहे. खेळाचा वाद हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. तीस वर्षे कामगारांत वावरल्यावर एक सवय लागली आहे. वाद कशाविषयी चालला आहे याच्या इतकेच, त्या वादात कोणाचे तोंड उघडले नाही, हेही मी पाहतो.

प्रथम जागेची अडचण समजून घेऊ. हा फुटबॉल आपला नव्हे. यात चेंडू लांबट असतो, तो हातात कवटाळून पळावयाचे असते, आणि प्रतिपक्षाने अंगावर झेप घेऊन पळणाऱ्याला जमिनीवर पाडावयाचे असते. मैदान सरळ लांबट चौकोनी, ३६० फूट लांब आणि १६० फूट रुंद. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा एकेक पट्टा. त्यात चेंडू नेला की सहा गुण. म्हणजे खेळातली सारी धडपड ज्या जागेसाठी, ती जागा अगदी टोकाला. माणूस तेथे पोचतो तो जिवाच्या आकांताने पळत, मागे दोघेतिघे लागलेले असताना. त्याला थांबावयाला पुढे जागा हवी. म्हणून कॉलेजांच्या नियमपुस्तकात रेषेपलीकडे बारा फूट मोकळी जागा सांगितली आहे, आणि क्रीडांगण अगदीच लहान असेल तर निदान सहा फूट.

बेसबॉलचे मैदान याच्या अगदी उलट घडणीचे. फलंदाज एका कोपऱ्यात उभा राहतो आणि तेथून मैदान पंख्यासारखे पसरत जाते. रिग्ली फील्डवर त्या कोपऱ्यापासून उजवी भिंत ३५३ फुटांवर आहे आणि समोरची ४०० फुटांवर. अशा आकारात फुटबॉलचे मैदान बसविणे म्हणजे सुपात पाट बसविण्यासारखे आहे. बसतो, पण कोठे तरी कडेला टेकतो. नॉर्थवेस्टर्नने मैदान पूर्व-पश्चिम आखले. पश्चिमेला थोडी मोकळीक मिळाली. पूर्वेला मात्र पट्ट्याची शेवटची रेघ उजव्या भिंतीपासून जेमतेम फूटभर राहिली. गोलाचे खांब उभे करावयालाही तेथे जागा नव्हती, म्हणून ते भिंतीलाच ठोकले. भिंत विटांची आहे. १९३७ साली तिच्यावर आयव्हीची वेल चढविली, आणि तेव्हापासून ती हिरवी भिंत म्हणजे शिकागोकरांच्या अभिमानाचा विषय. सामन्यासाठी तिच्यावर जाड गाद्या बांधल्या होत्या. गादीमागे वेल, वेलीमागे वीट.

शुक्रवारचा नियम असा होता: चढाई करणारा प्रत्येक संघ पश्चिमेकडेच जाईल. चेंडू एका संघाकडून दुसऱ्याकडे गेला की पंचांनी तो उचलून मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात तितक्याच अंतरावर नेऊन ठेवावा आणि नव्या संघाने पुन्हा पश्चिमेकडे तोंड करावे. पूर्वेचा पट्टा अगदीच बंद नव्हता. बचाव करणाऱ्याने प्रतिपक्षाने फेकलेला चेंडू मध्येच झेलला तर तो तिकडे पळू शकत होता. आणि गंमत पाहा, तसेच झाले. नॉर्थवेस्टर्नच्या ब्रायन पीटर्सने चेंडू मध्येच पकडला आणि तो त्या निषिद्ध टोकापर्यंत घेऊन गेला. पूर्वेकडचे त्या दिवशीचे सहा गुण एवढेच. बाकी दिवस इलिनॉयचा होता. त्यांच्या मिकेल लशूरने एकट्याने ३३० यार्ड धाव काढली, हा त्या विद्यापीठाचा विक्रम ठरला, आणि इलिनॉयने सामना ४८–२७ असा जिंकला.

आता वाद. एक पक्ष म्हणाला, हा खेळाचा पोरखेळ केला. शतकभर मुरलेला खेळ, त्याची मापे ठरलेली, त्याचे पंच शपथेवर बसावेत असे गंभीर, आणि शेवटी काय, तर अंगणातल्या पोरांसारखे एका बाजूने खेळा! दुसऱ्या पक्षाला हेच गोड वाटले. आजची क्रीडांगणे एकाच साच्यातून काढल्यासारखी असतात. येथे निदान जागेचा स्वभाव दिसला, असे त्यांचे म्हणणे. काही मंडळी न्यायाची भाषा बोलत होती. दोन्ही संघ एकाच दिशेने जाणार, म्हणजे वारा दोघांना सारखा, ऊन दोघांना सारखे. इतकी समता नेहमीच्या सामन्यातही नसते. हा मुद्दा मला अगदी टाकाऊ वाटत नाही. आणि पूर्वेकडच्या बाकांवर पैसे मोजून बसलेल्यांचे म्हणणे सर्वांत साधे होते. आम्ही सामना पाहावयास आलो आणि खेळाडूंच्या पाठी पाहून परतलो. त्या भिंतीपलीकडे शेफील्ड रस्त्यावरच्या घरांच्या गच्च्यांवरही तिकिटे लावून प्रेक्षक बसविण्याची जुनी रीत आहे. गच्चीवाल्यांशी बेसबॉल क्लबाने २००४ साली करारच केला, उत्पन्नाचे शेकडा १७ क्लबाला. म्हणजे भिंतीच्या आतही पैसा आणि भिंतीच्या बाहेरही पैसा.

माझे मत विचाराल तर शुक्रवारचा नियम योग्यच होता. त्यात हसण्यासारखे काही नाही. हसावयाचे असेल, किंवा चिडावयाचे असेल, तर ते शुक्रवार या वाराबद्दल. भिंत काही त्या आठवड्यात बांधलेली नव्हती. मैदानाची मापे नियमपुस्तकात छापलेली होती. मोजपट्टी कोणत्याही दुकानात मिळते. मग तिकिटे विकून झाली, पाटी रंगवून झाली, दूरचित्रवाणीच्या गाड्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, आणि तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले की येथे माणूस धडकेल! आमच्या कामातला हा नेहमीचा अनुभव आहे. यंत्रावरची जाळी बसते ती अपघातानंतर, नाहीतर तपासनीस यावयाच्या आदल्या दिवशी. बसली हे चांगलेच. पण ती कोणत्या दिवशी बसली हेही लिहून ठेवावे.

या वादात विद्यापीठे बोलली, बेसबॉलचा क्लब बोलला, ‘बिग टेन’ नावाची त्या विद्यापीठांची लीग बोलली, वृत्तपत्रे बोलली, प्रेक्षक तर रात्रंदिवस बोलत होते. ज्यांची डोकी त्या भिंतीला लागण्याचा संभव होता ती वीस-बावीस वर्षांची मुले निर्णयाच्या वेळी मेजाशी बसली नव्हती. त्यांना बसावयाची खुर्चीच त्या घरात नव्हती. का नव्हती, हे कळावयाला या जागेच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

हे क्रीडांगण बांधले चार्ल्स वीघमन नावाच्या माणसाने. त्याची शिकागोत खाणावळी होत्या. त्या काळी बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगांची मक्तेदारी होती आणि त्यांच्या करारांत एक कलम असे, ज्यामुळे खेळाडू एकदा एका क्लबाशी बांधला की त्याच क्लबाचा राहत असे. कराराचे वर्ष संपले तरी दुसरीकडे जाण्याची मुभा नाही; मालकाने मात्र त्याला वाटेल तेव्हा विकावे. आपल्याकडे सालदाराची गोष्ट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे निराळे समजावयास नको. या मक्तेदारीविरुद्ध फेडरल लीग म्हणून तिसरी लीग उभी राहिली. तिने जास्त पगार देऊन खेळाडू फोडले. वीघमनचा संघ या बंडखोर लीगमधला, आणि त्याच्यासाठी त्याने काही आठवड्यांतच हे क्रीडांगण उभे केले. पहिला सामना २३ एप्रिल १९१४ रोजी झाला. म्हणजे आज जिला परंपरेचे देऊळ म्हणतात ती वास्तू मुळात बंडाची छावणी होती.

बंड दोन वर्षांत मोडले. फेडरल लीगने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली १९१५ च्या आरंभी शिकागोच्या न्यायालयात दावा लावला. न्यायाधीश होते केनेसॉ माउंटन लँडिस. त्यांनी निकाल दिलाच नाही. महिन्यांमागून महिने दावा तसाच पडून राहिला आणि वर्षाअखेर मालकामालकांत तडजोड झाली. वीघमनला कब्ज हा जुना संघ विकत घेण्याची मुभा मिळाली आणि १९१६ पासून तो संघ येथे खेळू लागला. १९२० साली मालकांनी बेसबॉलचा सर्वाधिकारी नेमला, तो कोण? हेच लँडिस. तडजोडीत न आलेल्या बाल्टिमोरच्या क्लबाने स्वतंत्र दावा लढविला. १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बेसबॉलचे सामने भरविणे हा आंतरराज्य व्यापारच नव्हे, सबब तो कायदा त्याला लागू नाही. वीघमनची खाणावळ बुडाली, आणि संघ च्युइंगमवाल्या रिग्ली यांच्या हाती गेला. क्रीडांगणालाही पुढे त्यांचेच नाव लागले. खेळाडूंच्या मानेवरचे ते कलम मात्र १९७५ च्या डिसेंबरात लवादाच्या निकालाने मोडेपर्यंत टिकले. ते मोडण्यामागे खेळाडूंच्या संघटनेचा मार्विन मिलर होता. हा गृहस्थ बेसबॉलमधला नव्हे. १९६६ साली तो पोलादकामगारांच्या संघटनेतून तेथे आला होता. हे पोलादकामगार ध्यानात ठेवा, पुढे ते पुन्हा भेटतील.

फुटबॉल येथे १९२१ साली आला. शिकागोचा धंदेवाईक संघ, बेअर्स, पन्नास मोसम येथे खेळला. त्यांचे मैदान दक्षिणोत्तर आखलेले असे आणि तेही पुरत नसे. उत्तरेची रेघ डाव्या भिंतीला भिडलेली. दक्षिणेचा एक कोपरा तर बेसबॉल खेळाडूंच्या बसण्याच्या खळग्यात जात असे. खळग्याला फोमच्या गाद्या लावीत. बेअर्सचा ब्रॉन्को नागुर्स्की हा पहाडासारखा गडी चेंडू घेऊन पळाला तो सगळ्यांना उधळीत थेट भिंतीवर आदळला, आणि भिंतीलाही तो प्रतिपक्षाचा गडीच समजला, अशी दंतकथा तेथे अजून सांगतात. दंतकथा म्हणून ती झकास आहे. पण ज्या कारखान्यात अपघाताचे विनोद होतात त्या कारखान्यात अपघात नित्याचे असतात, एवढे मी जाणतो.

अपुऱ्या जागेने नियम बदलण्याचा सर्वांत मोठा प्रसंगही याच संघावर आला. १९३२ च्या डिसेंबरात अजिंक्यपदाचा निर्णायक सामना रिग्ली फील्डवर होणार होता. थंडी आणि हिम इतके की सामना उचलून शिकागो स्टेडियम या छपराखालच्या सभागृहात नेला. आत मैदान बसले अवघे ८० यार्डांचे, तेही कडेच्या भिंतींना खेटून. तेव्हा चेंडू भिंतीजवळ बाहेर गेला तर पुढचा डाव आत सरकवून सुरू करावा, अशी तात्पुरती सोय काढली. बेअर्सनी पोर्ट्समथच्या संघाला ९–० असे हरविले. आणि ती तात्पुरती सोय इतकी सोयीची वाटली की १९३३ पासून ती मोठ्या मैदानांवरही कायमचा नियम झाली. २०१० साली नियमांची विटंबना म्हणून ओरडणाऱ्यांना हे ठाऊक असते तर बरे झाले असते. त्यांच्या पवित्र नियमांपैकी एक तरी भिंतीच्या धाकाने जन्मला आहे.

येथेच १९६३ च्या २९ डिसेंबरला बेअर्सनी न्यूयॉर्कच्या जायंट्सना १४–१० असे हरवून अजिंक्यपद घेतले. येथेच १९६५ साली गेल सेयर्सने चिखलात एका सामन्यात सहा टचडाउन केले. पुढे धंदेवाईक लीगने ठरविले की प्रत्येक क्रीडांगणात निदान पन्नास हजार आसने हवीत. रिग्ली फील्डवर तेवढी नव्हती. मग १९७० साली बेअर्सनी शेजारच्या एव्हन्स्टन गावात, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या क्रीडांगणात, एक सामना खेळून पाहिला. गावकऱ्यांनी विरोध केला. धंदेवाईक खेळाचा गोंगाट आमच्या शांत विद्यापीठगावात नको, म्हणाले. एका सामन्यावर ते प्रकरण मिटले आणि पुढच्या वर्षी बेअर्स सोल्जर फील्डवर गेले. चाळीस वर्षांनी तेच विद्यापीठ आपला शांत खेळ घेऊन, जांभळा रंग लावून, त्या गोंगाटाच्या जागी आले.

रिग्ली फील्डच्या आसपासचे लोक स्वतःही वाद घालण्यात मागे नव्हते. देशातल्या सगळ्या मोठ्या क्रीडांगणांवर रात्रीचे दिवे आले तरी येथे बेसबॉल उन्हातच चाले. मालकाने १९४१ साली दिव्यांचे सामान आणले होते. अमेरिका युद्धात उतरली आणि ते सरकारला देऊन टाकले. १९८१ साली संघ एका वृत्तपत्र कंपनीने विकत घेतला, तिला दिवे हवे झाले. शेजाऱ्यांनी संघटना केली, मोर्चे काढले, रात्रीच्या खेळाविरुद्ध कायदे करवून घेतले. १९८८ च्या ८ ऑगस्टला अखेर दिवे लागले. आणि पहिल्याच रात्री पावसाने सामना धुऊन नेला. शेजाऱ्यांना किती आनंद झाला असेल! ते हरले खरे, पण रात्रीच्या सामन्यांची संख्या बांधून घेऊन हरले. त्यांना घर होते, मत होते, नगरसेवक होता.

कॉलेजच्या खेळाडूजवळ यांतले काय होते? त्याला ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द होता. हा शब्द भोळा नाही. १९५० च्या दशकात कोलोरॅडो राज्यात प्रश्न आला की शिष्यवृत्तीवर किंवा कॉलेजातल्या कामावर फुटबॉल खेळणारा मुलगा जखमी झाला तर त्याला कामगार म्हणून नुकसानभरपाई मिळावी काय. १९५३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकाला दिली. एनसीएए ही कॉलेजांच्या खेळाची मध्यवर्ती संस्था हादरली. तिचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी हा जोडशब्द घडविला आणि सर्व कागदपत्रांत वापरावयास लावला. १९५५ साली त्याच राज्यातील एका लहान कॉलेजचा खेळाडू डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने भरपाई मागितली, आणि १९५७ साली त्याच न्यायालयाने ती नाकारली; कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, म्हणून. हा शब्द भरपाईच्या भीतीपोटी जन्मला, असे बायर्स यांनी स्वतःच पुढे १९९५ साली पुस्तक लिहून कबूल केले. आपल्याकडे कामगाराला ‘उमेदवार’, ‘मानधनी’, ‘स्वयंसेवक’ म्हणण्याच्या ज्या युक्त्या आहेत, त्यांची ही सख्खी बहीण. मी स्वतः कॉलेजचा उंबरठा विद्यार्थी म्हणून ओलांडला नाही. ओलांडला तो तेथल्या शिपायांचे आणि झाडूवाल्यांचे अर्ज खिशात घालून. तेथेही उत्तर असेच मिळे, की हे विद्येचे मंदिर आहे, येथे मालक-नोकर हे नातेच नाही.

आता एक योगायोग. रिग्ली फील्डवर जो जांभळा संघ भिंतीजवळ खेळला, त्याच नॉर्थवेस्टर्नच्या खेळाडूंनी तीन वर्षांनी, २८ जानेवारी २०१४ रोजी, शिकागोत जाहीर केले की आम्ही कामगार संघटना करणार. पुढारी होता केन कोल्टर हा त्यांचा खेळाडू. आणि पाठीशी कोण? तीच पोलादकामगारांची संघटना. मुलांची पहिली मागणी पगाराची नव्हती. खेळताना झालेल्या दुखापतीचा दवाखान्याचा खर्च कॉलेज सुटल्यावरही मिळावा; डोक्याला मार लागला तर त्याची नीट तपासणी व्हावी; जखमी झाला म्हणून कुणाची शिष्यवृत्ती तुटू नये. एवढेच. सुरक्षा आणि औषधपाणी, या दोन शब्दांपासून जगातली अर्धी कामगार चळवळ सुरू झाली आहे.

राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाच्या शिकागो विभागाचे संचालक पीटर सुंग ओर यांनी साक्षी घेतल्या आणि २६ मार्च रोजी निर्णय दिला: शिष्यवृत्तीवर खेळणारे हे खेळाडू कामगार आहेत. हा निर्णय मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचला, आणि वाचताना आपल्याच एखाद्या औद्योगिक न्यायालयाचा कागद वाचतो आहे असे वाटले. ऑगस्टच्या सराव-छावणीत आठवड्याला ५० ते ६० तास, मोसमात ४० ते ५० तास. कोठे राहावे, काय खावे, कोणाशी काय बोलावे यांवर प्रशिक्षकाचे नियंत्रण. संघ सोडला की शिष्यवृत्ती गेली. काम, मोबदला आणि हुकमत ही तिन्ही लक्षणे जागच्या जागी. विद्यापीठाने अपील केले. प्रशिक्षकांनी मुलांना विरोधात मत द्यावयास सांगितले. मुले त्यांना मानीत, त्यामुळे ते सांगणे साध्या सूचनेसारखे राहत नाही, हे सांगावयास नको. २५ एप्रिल २०१४ रोजी मतदान झाले. ७६ जणांना मताचा अधिकार होता. मते पेटीत पडली, पेट्या मोहोरबंद झाल्या, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत मोजावयाच्या नाहीत असे ठरले.

संघटनेच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान व्हावे ही आपल्या चळवळीतील एका मोठ्या पक्षाची जुनी मागणी. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने मान्यता ठरविली ती सदस्यांच्या नोंदीवरून, सहा महिने निदान शेकडा ३० सदस्य हवेत म्हणून, मतपेटीवरून नव्हे. त्या पावत्यांच्या भांडणात माझी ऐन उमेद गेली. मतपेटी मिळाली की प्रश्न सुटेल, असे आम्हांला वाटे. नॉर्थवेस्टर्नच्या मुलांना मतपेटी मिळाली होती.

सोळा महिने पेट्या बंद राहिल्या. १७ ऑगस्ट २०१५ रोजी मंडळाच्या पाचही सदस्यांनी एकमताने सांगितले की आम्ही या प्रकरणात अधिकार वापरणार नाही. कारण असे दिले की त्या लीगमध्ये एकटे नॉर्थवेस्टर्न खाजगी, बाकी सारी सरकारी विद्यापीठे आमच्या कायद्याबाहेरची. एकाच संघाला संघटना दिली तर स्पर्धेची घडी विसकटेल. मुले कामगार आहेत की नाहीत? यावर मंडळ बोललेच नाही. १९१५ सालच्या लँडिससाहेबांची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. दावा फेटाळण्यापेक्षा निकाल न देणे पुष्कळदा अधिक परिणामकारक असते. मते मोजली गेली नाहीत. बाजूने किती, विरोधात किती, कोणास ठाऊक नाही.

पुढे पाणी वाहतच राहिले. २०२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरील एनसीएएची मर्यादा नऊ विरुद्ध शून्य अशी मोडून काढली. २०२४ च्या मार्चमध्ये डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूंनी संघटनेच्या बाजूने १३ विरुद्ध २ मते दिली, आणि ती मोजलीही गेली. पण त्या वर्षाच्या अखेरीस संघटनेने स्वतःच अर्ज मागे घेतला, कारण मंडळ पुन्हा तोंड फिरवील अशी चिन्हे होती. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार १ जुलैपासून प्रत्येक मोठ्या कॉलेजला आपल्या खेळाडूंत वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटता येऊ लागले. रक्कम लहान नाही. पण ती वकिलांच्या तडजोडीतून आली. खेळाडूंच्या करारातून नाही. भिंतीजवळ किती फूट जागा सोडावयाची, हे त्या वाटपात येत नाही.

रिग्ली फील्डची मध्यंतरी मोठी डागडुजी झाली, कडेच्या जागांची रचना बदलली, आणि २० नोव्हेंबर २०२१ रोजी, म्हणजे बरोबर अकरा वर्षांनी, नॉर्थवेस्टर्न तेथे पुन्हा खेळले. पर्ड्यूने त्यांना ३२–१४ असे हरविले. मग त्यांचे स्वतःचे क्रीडांगण पाडून नवे बांधावयास घेतले, आणि २०२३ व २०२४ सालीही काही सामने येथे झाले. ३० नोव्हेंबर २०२४ ला पुन्हा इलिनॉयच समोर होते, आणि पुन्हा इलिनॉयच जिंकले, ३८–२८. या वेळी मैदानाची दोन्ही टोके खुली होती, आणि संघांनी रीतीप्रमाणे बाजू बदलल्या.